सुनील दत्त राजकारणात टिकले ते कशामुळे?

प्रश्न चोपडा तालुक्यातल्या एका तरुण कार्यकर्त्याचा आहे. त्यांच्या भागात लोकसभेला हिंदी सिनेमातला नट उभा करायची चर्चा चालू आहे. ते विचारतात: 'सुनील दत्त पाच वेळा लोकसभेवर निवडून आले आणि अमिताभ बच्चन तीन वर्षांत परत गेले. दोघेही हिरोच. मग फरक कुठे पडला? आणि नट निवडून आल्यावर टिकेल की नाही, हे तिकीट देण्याआधी ओळखता येतं का?'

ओळखता येतं. त्यासाठी सुनील दत्तांचं आयुष्य नीट पाहावं, इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. मी जळगाव-धुळे पट्ट्यात प्रचाराचं नियोजन करतो. सभा लावणं, गाड्यांचा हिशेब, बूथच्या याद्या, मतदानाच्या दिवशीची माणसं हे माझं काम. नट स्टेजवर आला की काय होतं आणि तो गेल्यावर मागे काय उरतं, हे या कामात फार जवळून दिसतं. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

आधी १९८४ साल डोळ्यांपुढे आणा. ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झाली आणि डिसेंबरात लोकसभेची निवडणूक लागली. काँग्रेसने चारशेच्या वर जागा घेतल्या. त्या लाटेत सिनेमातले तीन मोठे चेहरे लोकसभेत गेले. अलाहाबादेत अमिताभ बच्चन यांनी हेमवतीनंदन बहुगुणांसारख्या मुरलेल्या माणसाला पाडलं. दक्षिण मद्रासमधून वैजयंतीमाला आल्या. आणि मुंबईच्या उत्तर-पश्चिम मतदारसंघातून सुनील दत्त आले. त्यांच्यासमोर होते राम जेठमलानी, १९७७ आणि १९८० अशा दोन निवडणुका तिथूनच जिंकलेले. वैजयंतीमाला १९८९ लाही निवडून आल्या आणि पुढे राज्यसभेत गेल्या. अमिताभ बोफोर्स तोफांच्या खरेदीवरून झालेल्या आरोपांच्या गदारोळात १९८७ मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले. सुनील दत्त मात्र १९८४ नंतर १९८९, १९९१, १९९९ आणि २००४ असे निवडून येत राहिले. १९८९ ला तर देशभर काँग्रेसची पीछेहाट झाली होती, तरी त्यांची जागा राहिली. लाट एक, पक्ष एक, वर्षही एकच. तेव्हा त्यांना काय वेगळं मिळालं हे शोधायचं असेल तर १९८४ च्या मागे जावं लागतं.

त्यांचं मूळ नाव बलराज दत्त. जन्म १९२९ चा, झेलम जिल्ह्यातल्या नक्का खुर्द गावी, म्हणजे आजच्या पाकिस्तानात. पाच वर्षांचे असताना वडील गेले. फाळणी झाली तेव्हा ते अठरा वर्षांचे. घरादाराचा जीव वाचला तो वडिलांच्या याकूब नावाच्या मुसलमान मित्रामुळे. ही गोष्ट ते आयुष्यभर सांगत आले आणि पुढे त्यांच्या राजकारणात ती वारंवार डोकं वर काढते, म्हणून ध्यानात ठेवा. सीमेच्या अलीकडे आल्यावर कुटुंबाला यमुनेकाठी मंडौली गावात जमीन मिळाली. तिथून लखनौ, तिथून मुंबई. बेस्टमध्ये नोकरी करत जय हिंद कॉलेजात शिकले. जळगावच्या सिंधी कॉलनीत ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी एका ट्रंकेवर संसार उभा केला, त्यांना या पायऱ्या नव्याने समजवाव्या लागणार नाहीत.

मग रेडिओ सिलोनवर निवेदकाचं काम. सिनेमाच्या लोकांच्या मुलाखती घ्यायच्या. राजकारणाच्या दृष्टीने मला हे काम त्यांच्या सिनेमांइतकंच मोठं वाटतं. नटाला सवय असते ती आपल्याकडे पाहून घेण्याची. मुलाखतकाराला समोरच्याला बोलतं करावं लागतं आणि गप्प बसून ऐकावं लागतं. जनता दरबारात बसलेला पुढारी ऐकतोय की नुसता मान हलवतोय, हे आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायांना दोन मिनिटांत कळतं.

सिनेमाचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. १९५५ ला पहिला सिनेमा. बलराज साहनी आधीच नावाजलेले होते, म्हणून यांचं नाव बदलून सुनील झालं. १९५७ ला 'मदर इंडिया'तला बिरजू. त्याच सिनेमाच्या आगीच्या दृश्यात नर्गिस ज्वाळांत अडकल्या, दत्तांनी आत शिरून त्यांना बाहेर काढलं आणि स्वतः भाजले. ११ मार्च १९५८ ला दोघांचं लग्न झालं. पुढे 'मुझे जीने दो' आणि 'खानदान' या सिनेमांसाठी फिल्मफेअर पुरस्कार, १९६८ ला पद्मश्री. 'यादें' हा सबंध सिनेमा एकाच नटावर उभा केला, दिग्दर्शनही स्वतःच केलं.

खरी गोष्ट याच्या बाजूला चालू होती. १९६२ च्या चीन युद्धानंतर दत्त आणि नर्गिस यांनी अजंता आर्ट्सचं कलापथक घेऊन सीमेवरच्या जवानांसाठी कार्यक्रम करायला सुरुवात केली. संस्थेचं नाव आपल्या उंबरठ्यावरच्या लेण्यांचं. गाणारे, नकलाकार, नट-नट्या अशी वरात घेऊन थंडीवाऱ्यात जवानांच्या तळांवर जायचं आणि कार्यक्रम करायचे. हा काळ त्यांच्या ऐन उमेदीचा, शूटिंगच्या तारखा भरलेल्या. तिकिटाच्या कितीतरी वर्षं आधीची ही गोष्ट आहे. तेव्हा त्यांना कोणाकडून मत मागायचं नव्हतं.

नर्गिस यांना १९८० मध्ये राज्यसभेवर नेमलं गेलं. त्याच सुमारास त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला. न्यूयॉर्कला उपचार झाले, कोमात गेल्या, सावरल्या, आणि शेवटी ३ मे १९८१ ला मुंबईत गेल्या. मुलगा संजय याचा पहिला सिनेमा पडद्यावर यायला काहीच दिवस उरले होते. दत्तांनी त्यानंतर बायकोच्या नावाने फाउंडेशन काढलं आणि परदेशातल्या भारतीयांकडून पैसा उभा करून इथल्या हॉस्पिटलांना मदत करायला लागले. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलला आज नर्गिस दत्तांचंच नाव आहे.

हे वाचून कोणी म्हणेल, दानधर्म तर पुष्कळ नट करतात. पण कॅन्सर आणि राजकारण यांचा संबंध खान्देशात राहणाऱ्याला वेगळा सांगायला नको. आपल्या तालुक्यात खरा कार्यकर्ता कोणाला म्हणतात? जो रात्रीच्या गाडीने पेशंट घेऊन मुंबईला जातो. दादरला उतरायचं, परळला टाटा हॉस्पिटलात सकाळी सहाला रांगेत उभं राहायचं, केस पेपर काढायचा, पेशंटला बाकावर बसवून नातेवाइकासाठी धर्मशाळेत जागा बघायची, आमदाराचं पत्र, रेशनकार्डाची झेरॉक्स, मुख्यमंत्री निधीचा अर्ज. परतताना पेशंटच्या मुलाच्या खिशात शंभर-दोनशे रुपये घालायचे. असं काम करणाऱ्याच्या शब्दावर पुढे एका वाड्यातली सगळी मतं पडतात, आणि त्याला ती मागावीही लागत नाहीत. दत्तांच्या आयुष्यात हे काम स्वतःच्या घरातल्या दुखण्यातून आलं, निवडणुकीच्या तीन वर्षं आधी. १९८१ च्या सुमारास ते मुंबईचे शेरीफही झाले. ते पद मानाचं, अधिकार नसलेलं, पण शहरातल्या संस्था आणि अधिकारी त्यातून ओळखीचे होतात. म्हणजे १९८४ ला त्यांना तिकीट मिळालं तेव्हा मतदारांना त्यांचा पडद्यावरचा चेहरा ठाऊक होता, तसाच पडद्याबाहेरचा माणूसही ठाऊक होता. आता तुमच्या चर्चेतल्या नटाबद्दल स्वतःलाच विचारा: कॅमेरा नसताना हा माणूस कोणाच्या उपयोगी पडलेला आहे का?

इथे थोडं थांबून हिरोची सभा आतून कशी असते ते सांगतो, कारण गर्दी पाहून तिकिटं वाटली जातात.

कॉलेजच्या मैदानावर हेलिपॅड आखतात. चुन्याचं वर्तुळ, मध्ये मोठा 'एच', धूळ उडू नये म्हणून टँकरने पाणी, नगरपालिकेची अग्निशमनची गाडी बाजूला उभी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, त्यामुळे बारा ते चार माणूस मैदानात बसत नाही आणि सभा चारनंतरचीच लागते. हिरोला त्या दिवशी तीन-चार गावं करायची असतात. पहिली सभा लांबली की शेवटच्या गावात तो पोचतो साडेपाचला. हेलिकॉप्टरला उजेड असेपर्यंत उडावं लागतं, पायलट घड्याळ दाखवायला लागतो. त्यामुळे भाषण पाच-सात मिनिटांचं. एक डायलॉग, वांग्याच्या भरताचं कौतुक, केळीचं कौतुक, उमेदवाराचा हात धरून वर केला की संपलं. पोरं झाडावर, एस.टी. स्टँडच्या छतावर, मोबाइल वर धरलेले. पंखा फिरायला लागला की सगळी गर्दी हेलिपॅडकडे धावते. उमेदवार माइकवर येतो तेव्हा पुढच्या ओळींत पक्षाचेच लोक उरतात. अशाच एका सभेनंतर अमळनेरकडच्या एका जुन्या कार्यकर्त्याने उमेदवाराला तोंडावर सांगितलं, 'लोक हिरोले देखाले उनात, तुले मत देवाले नही.' म्हणजे लोक हिरोला पाहायला आलेत, तुला मत द्यायला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बूथप्रमुखांना एकच विचारतो: काल गाड्यांतून आले त्यांच्यात तुझ्या यादीतले किती? एका बूथला साधारण हजार-बाराशे नावं. मैदानावर दहा हजार माणूस दिसला तरी त्यातला बराचसा शेजारच्या मतदारसंघातला, अठराच्या आतला, नाहीतर बाजाराला आलेला असतो. गर्दीचा उपयोग एवढाच की कार्यकर्त्याला चार दिवस हुरूप येतो. त्या चार दिवसांत घरोघर चिठ्ठ्या पोचल्या तर सभा कामी आली, नाहीतर मंडपवाल्याचं बिल तेवढं भरायचं. आणि हे नट पाहुणा म्हणून आला तरचं झालं. नट स्वतः उमेदवार असेल तर गर्दी पहिल्या फेरीला येते. दुसऱ्या फेरीला लोक पाण्याचं, केळीच्या विम्याचं, कापसाच्या भावाचं विचारतात.

सुनील दत्त दुसऱ्या फेरीचे उमेदवार होते, असं मी म्हणेन. बांद्र्यात पाली हिलला राहणारा माणूस, पण मतं होती पश्चिम उपनगरांतल्या झोपडपट्ट्यांत. तिथला प्रश्न नळाचा, संडासाचा, झोपडी तोडली जाण्याचा. तिथे डायलॉग एकदाच चालतो.

आता १९८७ कडे येतो. ते वर्ष मला त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत सर्वांत मोठं वाटतं. पंजाब पेटलेला होता. १९८४ च्या जूनमध्ये त्यांच्याच पक्षाच्या सरकारने सुवर्णमंदिरात लष्कर घातलेलं, नोव्हेंबरात दिल्लीत शिखांची कत्तल झालेली, आणि आरोप पुन्हा त्यांच्याच पक्षाच्या लोकांवर. अशा वेळी काँग्रेसचा एक खासदार मुंबईहून पायी निघतो आणि अमृतसरला सुवर्णमंदिरात जाऊन माथा टेकतो. सोबत मुलगी प्रिया. सुमारे २००० किलोमीटर, ७८ दिवस. भागाकार केला तर दिवसाला पंचवीस किलोमीटरच्या वर पडतात, आणि वयाची साठी दोन-तीन वर्षांवर आलेली.

चालणं म्हणजे काय ते खान्देशाला विचारावं. चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर आपली माणसं धुळ्याहून, अमळनेरहून, पारोळ्याहून पायी जातात. पहिला दिवस गाण्यांत जातो. तिसऱ्या दिवशी तळव्याला फोड, पुढे ते फुटतात आणि त्यावरूनच चालायचं. पोटऱ्या दगड होतात, सकाळी उठून पहिली दहा पावलं टाकताना डोळ्यांतून पाणी येतं. ही वाट काही दिवसांची, ओळखीची, वाटेत जागोजागी चहा-पाणी देणारे. दत्तांची वाट अडीच महिन्यांची होती, आणि शेवटच्या टप्प्यात पुढाऱ्यांवर रोज गोळ्या झाडल्या जात होत्या तो मुलूख होता. राजकीय हिशेबाने पाहिलं तर यातून मुंबईत मतं मिळण्याचं काहीच कारण नव्हतं. चालण्याचा परिणाम वेगळा होतो. गाडीतून हात हलवणारा पुढारी गावाला दिसतो. पायी येणारा गावाला भेटतो, गावच्या ओट्यावर बसतो, पाणी मागतो. आणि ही बातमी त्याच्या मतदारसंघात पोचतेच. पुढच्या वर्षी, १९८८ ला, ते जपानमध्ये नागासाकी ते हिरोशिमा असेही शांततेसाठी चालले.

मग आलं १९९३. बाबरी मशीद ६ डिसेंबर १९९२ ला पाडली गेली. मुंबईत डिसेंबरात आणि जानेवारीत अशा दोनदा दंगली झाल्या. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने नऊशे मृत्यू नोंदवले आहेत. राज्यात सरकार काँग्रेसचं, दिल्लीतही काँग्रेसचं, आणि खासदारही काँग्रेसचा. दत्त दंगलग्रस्त वस्त्यांत मदत घेऊन फिरत होते. सरकार लोकांना वाचवू शकलं नाही म्हणून त्यांनी जानेवारीत खासदारकीचा राजीनामा दिला. एका समाजाची बाजू घेतो म्हणून शिव्या खाल्ल्या. याकूबची गोष्ट लक्षात ठेवा म्हटलं होतं ती इथे. ज्याचं कुटुंब परधर्मातल्या माणसामुळे वाचलं, तो अशा वेळी घराचं दार लावून बसू शकत नव्हता.

याची किंमत खान्देशालाही ठाऊक आहे. १९७० च्या मे महिन्यात भिवंडीपाठोपाठ जळगावातही दंगल झाली होती आणि न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली. पुढारी त्या दिवसांत कुठे होता, हे मोहल्ले आणि वाडे पन्नास वर्षांनंतरही सांगतात. विकासकामं विसरली जातात, रस्त्याचं डांबर दोन पावसाळ्यांत जातं. दंगलीतलं वागणं मात्र कोणी विसरत नाही.

आणि लगेच एप्रिल १९९३ मध्ये संजय दत्तला अटक झाली. मार्चच्या बॉम्बस्फोटांच्या खटल्यात, बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल, टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली. बापाने शांततेसाठी दोन हजार किलोमीटर चालायचं आणि मुलाने बेकायदा बंदूक बाळगल्याचं निघायचं. विरोधकाला याहून मोठं हत्यार नको. जामिनासाठी धावपळ, पक्षातल्यांनी फिरवलेली पाठ, आणि शेवटी ज्यांच्याशी उभं राजकीय वैर त्या बाळासाहेब ठाकरेंच्या दारी जाणं. १९९५ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. १९९६ आणि १९९८ च्या निवडणुका दत्तांनी लढवल्या नाहीत. दोन्ही वेळा तिथून शिवसेनेचे मधुकर सरपोतदार निवडून आले.

नटाचं राजकारण इथेच संपतं, असं मी शंभरातल्या नव्वद जणांबद्दल म्हणेन. प्रतिमा हेच भांडवल असेल तर अशा घावानंतर ते उरत नाही. दत्त १९९९ ला, सत्तरीत, पुन्हा उभे राहिले आणि सरपोतदारांनाच पाडलं. मुलाचा खटला तेव्हा चालूच होता. मतदारांनी बापाचा हिशेब वेगळा मांडला. २००४ ला संजय निरुपम यांना हरवून ते पाचव्यांदा लोकसभेत गेले.

त्यांची एक उणी बाजूही सांगायला हवी. पक्षातल्या गटबाजीत ते कच्चे होते. पाच वेळा निवडून येऊनही मंत्रिपद पहिल्यांदा मिळालं ते २००४ मध्ये, पंचाहत्तरीला टेकल्यावर: युवक कल्याण आणि क्रीडा. त्याच सरकारात आपल्या नंदुरबारचे माणिकराव गावित गृह राज्यमंत्री होते. गावित लोकसभेवर नऊ वेळा निवडून गेले, आणि त्यांना पडद्यावर कोणी कधी पाहिलेलं नव्हतं. सातपुड्याच्या पाड्यांवर माणूस ओळखीचा होता, तेवढं पुरलं. टिकणाऱ्या राजकारण्याची घडण एकच असते, मग तो पाली हिलचा असो की नवापूरचा.

२५ मे २००५ ला बांद्र्याच्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने दत्त गेले, मंत्रिपदावर असतानाच. पोटनिवडणुकीत काँग्रेसने तिकीट दिलं ते प्रिया दत्त यांना, आणि त्या निवडून आल्या. प्रसिद्धीच्या हिशेबात भाऊ कितीतरी पुढे होता. पण १९८७ ला बापाबरोबर अमृतसरपर्यंत चालली होती ती मुलगी. संजय दत्तला २००९ मध्ये समाजवादी पक्षाने लखनौहून उभं करायचं ठरवलं होतं. तोवर त्याला दोषी ठरवून शिक्षा झालेली होती आणि दोषी ठरवण्याला स्थगिती द्यायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला, त्यामुळे उमेदवारी राहून गेली. वारशाचीही मुदत असते. प्रिया दत्त २००९ ला निवडून आल्या, २०१४ ला आणि २०१९ ला पडल्या.

आता कोणी म्हणेल, दत्त मुंबईचेच, बाहेरचा नट आपल्याकडे आला तर? त्यासाठी गुरदासपूर पाहा. विनोद खन्ना तिथले राहणारे नव्हते. जन्म पेशावरचा, शाळा आपल्या शेजारी देवळालीची, पुढचं बरंचसं आयुष्य मुंबईत. ऐन भरात सिनेमा सोडून ओशोंच्या आश्रमात गेलेला माणूस, त्यामुळे मन लागलं नाही तर हेही सोडून जाईल अशी शंका घ्यायला जागा होती. १९९८, १९९९ आणि २००४ ला ते भाजपकडून गुरदासपुरातून निवडून आले, २००९ ला पडले, आणि पडल्यानंतरही २०१४ ला त्याच जागेवरून परत आले. मतदारसंघात त्यांचं नाव निघतं ते पुलांसाठी. २०१७ ला त्यांचं निधन झालं. २०१९ ला त्याच जागेवर त्याच पक्षाने सनी देओल यांना उभं केलं, तेही जिंकले. पुढे मतदारसंघात 'खासदार हरवले आहेत' अशी पोस्टरं लागली, आणि २०२४ ला ते उभे राहिले नाहीत. बाहेरचा असणं आडवं आलं असतं तर विनोद खन्नांनाही आलं असतं.

खान्देशाचा सिनेमाशी आणि राजकारणाशी एक स्वतःचाही धागा आहे, तो शिरपूरचा. स्मिता पाटील यांचं घराणं शिरपूरचं, वडील शिवाजीराव गिरधर पाटील राज्यात मंत्री राहिलेले. मुलगी राजकारणाच्या घरातून सिनेमात गेली, आणि तिचे पती राज बब्बर सिनेमातून राजकारणात आले. बब्बर यांची वाट दत्तांपेक्षा वेगळी. १९८९ च्या सुमारास जनता दलातून सुरुवात, मग समाजवादी पक्ष, राज्यसभा, १९९९ आणि २००४ ला आग्र्याहून लोकसभा, पुढे काँग्रेस, २००९ च्या पोटनिवडणुकीत फिरोजाबादेत डिंपल यादव यांचा पराभव, मग उत्तर प्रदेश काँग्रेसचं अध्यक्षपद. गाझियाबाद, फतेहपूर सिक्री, गुरगाव अशा जागा बदलत पराभवही पुष्कळ घेतले. पक्षाचं काम अंगावर घेतलेला नट म्हणून मी त्यांना मान देतो. पण एका मतदारसंघात मूळ धरून बसणं त्यांच्या वाट्याला फारसं आलं नाही, आणि निकालांत ते दिसतं.

तेव्हा चोपड्याच्या भाऊ, तुमच्या नटाशी बोलायला बसाल तेव्हा मुंबईत हॉटेलात बसू नका, त्यांना तालुक्यात बोलवा. प्रचारात किती दिवस देणार हे विचारण्यात अर्थ नाही, ते सगळेच देतात. निवडणूक संपल्यावर महिन्यातले किती दिवस इथे राहणार, घर कुठे घेणार, ऑफिसात रोज कोण बसणार आणि त्या माणसाला निर्णयाचे अधिकार असणार का, हे विचारा. त्यांच्या शूटिंगच्या पुढच्या दोन वर्षांच्या तारखा मागा. द्यायला कां-कूं केली तर त्यातच उत्तर आलं. पडलात तर पुन्हा इथूनच लढणार का, हेही विचारा, आणि उत्तर देताना ते कोणाकडे पाहतात ते बघा. त्यांनी आजवर केलेलं एखादं काम दाखवायला सांगा, ज्याचा फोटो पेपरात आला नाही. आणि एकदा त्यांना सावद्याच्या केळीच्या वखारीत नाहीतर चोपड्याच्या कापूस मार्केटात सकाळी सहा वाजता, कोणाला न कळवता घेऊन जा. दोन तास तिथे शेतकऱ्यांचं ऐकत उभे राहिले तर माणूस कामाचा आहे.

यातून मन भरलं नाही, पण नट पक्षाचा आहे आणि यायला तयार आहे, तर त्यांना उमेदवार करू नका, स्टार प्रचारक करा. मान्यताप्राप्त पक्षाला ४० जणांची यादी देता येते, आणि ती अधिसूचना निघाल्यापासून सात दिवसांच्या आत निवडणूक आयोगाकडे पोचावी लागते. यादीत नाव असेल तर त्यांच्या प्रवासाचा, हेलिकॉप्टरचा खर्च उमेदवाराच्या ९५ लाखांच्या मर्यादेत धरला जात नाही. पण त्यांच्या सभेत उमेदवार स्टेजवर बसला, तर सभेच्या खर्चातला वाटा उमेदवाराच्या खात्यात पडतो. मंडप, खुर्च्या, साउंड सगळं आलं त्यात. खर्च निरीक्षकाचा माणूस कॅमेरा घेऊन मैदानात उभाच असतो आणि खुर्च्या मोजतो. त्यामुळे सभा कोणत्या गावात, उमेदवार स्टेजवर की रस्त्यावर, हे हिरोची तारीख घेण्याआधी तुमच्या हिशेबनिसाला बसवून ठरवा.